दुर्गा रागातलं टेलचं पाणी

माझं नाव सोपान. सणसरला मी वांगी, दोडकी, कोथिंबीर पिकवतो आणि फावल्या वेळात तबला वाजवतो. बायको म्हणते, आधी तबला आणि फावल्या वेळात वांगी. माझ्याबद्दल एवढं पुरे, कारण मी लिहायला बसलोय ते संघपालबद्दल. त्याच्याबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं होतं. ज्यांना नीट लिहिता येतं ते सगळे पुण्यात राहतात आणि पुण्यातल्याच गवयांबद्दल लिहितात. मग राहिलो मी.

संघपाल बंदिशी बांधतो. बंदिश म्हणजे रागात बसवलेलं छोटं गाणं. दोन ओळींची स्थायी, दोन ओळींचा अंतरा, संपलं. गाणारा त्या चार ओळींवर अर्धा तास खेळतो, पण त्या आधी कुणीतरी बांधलेल्या असाव्या लागतात. अशी माणसं बहुतेक वेळा गवयांच्या घरात जन्माला येतात. आमचा संघपाल कचरू शाहिरांच्या घरात जन्मला आणि नोकरीला लागला बारामती एमआयडीसीत, दुधाच्या कारखान्यात.

कचरू शाहीर म्हणजे आबा. सगळी वस्ती त्यांना आबाच म्हणायची, मीही. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आबांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्यानंतर त्यांनी जलसा उभा केला. सायकलच्या मागं ढोलकी, पुढं पेटी, आणि गावोगाव गाणं. शाळेचं गाणं, विहिरीचं गाणं, दारू सोडा म्हणून गाणं. पहिला मुलगा झाला तेव्हा त्यांनी त्याचं नाव संघपाल ठेवलं. शाळेतल्या गुरुजींनी नाव ऐकून भुवया वर केल्या, तेव्हा आबा म्हणाले होते, "माजं नाव कचरू कुणी ठिवलं अन् कशापायी ठिवलं, ते मला ठावं हाय. माज्या पोराचं म्या ठिवणार." गुरुजींनी मुकाट्यानं लिहून घेतलं.

आबांचा आवाज कालव्याच्या पलीकडं ऐकू जायचा. संघपालचाही जायचा, पण लोक दारं लावून घ्यायचे. सायलेन्सर फुटलेली राजदूत चालू करावी, तसा त्याचा गळा. पोरवयात एकदा जलशात उभा राहिला आणि पहिल्याच ओळीला पुढची माणसं हसायला लागली. आबांनी त्याला हळूच मागं ओढलं आणि पेटीवर बसवलं. त्या दिवशी तो पेटीवर बसला तो कायमचाच.

पेटी शिकायला म्हणून तो बारामतीला क्षीरसागर मास्तरांकडं जायला लागला. मंडईमागं शिंप्याच्या दुकानावर माडी होती, तिथं मास्तरांचा क्लास भरायचा. मी भाजीचा टेम्पो मंडईत रिकामा करून तिथंच तबला शिकायला जायचो, म्हणून आमची ओळख. मी माळ्याचा, तो बौद्ध वस्तीतला. एका गावात असूनही दोस्ती व्हायला बारामतीला जावं लागलं, ह्याचा मला आजही राग येतो.

मास्तर एखादा राग शिकवायचे आणि संघपाल दुसऱ्या दिवशी त्या रागात काहीतरी नवंच जुळवून आणायचा. पण गाऊन दाखवायला लागला की मास्तर कानावर हात ठेवायचे. शेवटी एक दिवस ते म्हणाले, "अरे बाबा, तू गाऊ नकोस. तू सुचव. गाणारे काय, ढिगानं मिळतात." संघपालला ते इतकं पटलं, की त्यानं त्या दिवसापासून गाण्याची हौस सोडून दिली आणि सुचवण्याच्या मागं लागला.

पुढं कारखान्यात लागल्यावर तर त्याची चंगळच झाली. त्याची ड्यूटी दूध थंड करायच्या खोलीत. तिथं मोठा कॉम्प्रेसर अखंड घुमत असतो. बाकीच्या कामगारांचं डोकं उठायचं, ह्यानं मात्र त्यात सा शोधून काढला. आठ तास तानपुरा चालू, तोही कंपनीच्या विजेवर! पाइपांवर बोटानं ताल धरत हा बंदिशी बांधायचा. वीज गेली की कॉम्प्रेसरचा आवाज खाली खाली येत बंद पडायचा, आणि संघपाल वायरमनवर असा ओरडायचा, की सुपरवायझरला वाटायचं ह्याला दुधाची किती काळजी!

आता बंदिश बांधली तर ती गायला कुणीतरी हवं. ती अडचण त्याच्या घरातच सुटली. धाकटी बहीण अंजली. आबांचा सगळा गळा तिच्याकडं आला होता, आणि वर गोडवा आईचा, अक्काबाईंचा. संघपाल आपल्या फुटक्या आवाजात नुसतं सुचवायचा, अंजली ते उचलायची आणि लख्ख करून परत द्यायची. मी तबल्यावर. रविवारी त्यांच्या ओसरीवर आमची बैठक. अक्काबाई तांदूळ निवडत ऐकायच्या. आणि आबा? अंजलीनं आ लावला रे लावला, की ते चपला पायात सरकवून बाहेर पडायचे.

एकदा मीच विचारलं, "आबा, पोरांचं गाणं आवडत न्हाय व्हय?"

"ह्ये गाणं हाय?" आबा म्हणाले. "चार वळी अन् अर्धा तास! गाणं कसं, ह्या गावातनं निघून त्या गावाला पोचलं पायजे. ह्ये जाग्यावरच फिरतंया." मग चपला घालता घालता म्हणाले, "सोपानराव, लोकांच्या तोंडात बसलं तर गाणं. ह्याचं गाणं कोण म्हणतंय सांगा बरं? ह्यो, ह्याची बहीण, अन् एक वांगीवाला."

मला फार झोंबलं. कारण खरंच होतं.

संघपालनं पेटी मिटून ठेवली. तो बोलत नसे. पण मी त्याच्याशेजारी इतकी वर्षं बसलोय, मला ठाऊक आहे. पुण्याच्या गवयांनी वाहवा करावी असं त्यालाही वाटायचं, कुणाला वाटत नाही! पण त्याची खरी ओढ एवढीच, की आबांनी एकदा चपला न घालता त्याची बंदिश शेवटपर्यंत ऐकावी आणि ह्याला गाणं म्हणावं. बस. आबांच्या घरात गाणं म्हणजे काय ते आबाच ठरवत होते. सगळ्या जगानं मान डोलावली आणि आबांनी नाही, तर संघपालच्या लेखी ती बंदिश झालेलीच नव्हती.

आता त्या बंदिशीकडं येतो.

आमच्याकडं कालव्याचं पाणी पाळीनं येतं. कालव्यातून फाटा निघतो. फाट्याच्या तोंडाशी ज्यांची रानं ती हेडची, शेवटाला ज्यांची ती टेलची. हेडच्याचं पोट भरतं आणि टेलचा कोरडा फाटा बघत बसतो. पाणी द्यायचं ते टेलपासून वर, असं म्हणतात, पण म्हणायला काय जातंय. माझं रान हेडला आहे, हे आत्ताच सांगून टाकतो. संघपालच्या घरची जमीन टेलला, हे सांगायला नकोच.

त्या उन्हाळ्यात, पंचाण्णव साली, बरीच वाट बघितल्यावर टेलला पाणी पोचलं. संघपाल ड्यूटीवरून येत होता. त्यानं मोटरसायकल थांबवली, फाट्यात पाय सोडून बसला, आणि घरी आला तो बंदिश घेऊनच. दुर्गा राग, सात मात्रांचा रूपक ताल.

*पाणी आलं हो, पाटाला पाणी आलं,*
*माळाचं मन हिरवंगार झालं.*

आणि अंतरा असा:

*टेलच्या रानाला आधी पाजा हो,*
*हेडच्या धन्यांनो, थोडं लाजा हो.*

मी तबल्यावरचे हात उचलले. म्हणालो, "गड्या, दुर्गा रागात टेल? मास्तरांनी ऐकलं तर माडीवरनं उडी टाकतील."

"बंदिशीत यमुनेचं पाणी चालतं, मग नीरेच्या कालव्याचं का न्हाय?" संघपाल म्हणाला.

"अन् हेडचे धनी म्हंजे कोण?"

"ज्याला लागंल त्यो."

मला लागलं. मी चिडून वाजवायला लागलो, आणि खरं सांगतो, माझा रूपक त्या दिवशी जसा बसला तसा पुन्हा कधी बसला नाही. अंजली हसत हसत गात होती आणि "लाजा हो" वर नेमकी माझ्याकडं बघत होती.

त्याच सुमाराला अंजलीचं लग्न ठरलं. मुलगा माळेगावचा, धम्मदीप, साखर कारखान्यात फिटर. पोरगा गुणी, माणसं चांगली, सगळी वस्ती खूश. संघपालही खूश, पण मधेच गप्प व्हायचा. त्याचा गळा आता माळेगावला नांदायला चालला होता. म्हणून त्यानं ठरवलं, लग्नाआधी सगळ्या बंदिशी अंजलीच्या आवाजात भरून ठेवायच्या. कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला, ओसरीला गोधड्या लावल्या, आणि आम्ही एकामागून एक बंदिश भरायला बसलो. शेवटची, पाण्याची, राहिली आणि कोऱ्या कॅसेट संपल्या. घरात एक जुनी सापडली. तिच्या एका बाजूला आबांचं गाणं होतं, विहारातल्या कार्यक्रमात कुणीतरी भरलेलं. दुसरी बाजू कोरी. संघपालनं त्या कोऱ्या बाजूला पाण्याची बंदिश भरली आणि कॅसेट फळीवर ठेवून दिली.

लग्नाच्या तयारीत आबांनी फक्त एक गोष्ट मागितली. एरवी त्यांनी कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही. म्हणाले, "लेकीच्या वरातीत बँडवाल्यांनी माजं गाणं वाजवावं. मग मला काय बी नको." जलसा बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आपलं गाणं पुन्हा रस्त्यावर वाजावं, लोकांनी त्यावर नाचावं, एवढीच म्हाताऱ्याची हौस.

बँड ठरला इंदापूरचा. बँडमास्तर गेणू, क्लॅरनेट वाजवायचा. आमच्याकडचे बँडवाले कागद बघून वाजवत नाहीत. त्यांना कॅसेट द्यायची, ते ऐकून ऐकून बसवतात. गेणू सुपारी घ्यायला आला, तेव्हा अक्काबाईंनी फळीवरून आबांची कॅसेट काढून त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, "ह्यातलं गाणं बसवा." गेणूनं इंदापूरला जाऊन कॅसेट टेपात सरकवली. जी बाजू वर आली ती वाजली. ते गाणं त्याच्या माणसांनी मान मोडून बसवलं.

लग्न झालं विहारापुढच्या मांडवात. पांढऱ्याशुभ्र साडीतली अंजली, पांढऱ्या कपड्यातला धम्मदीप, वंदना, गाथा, हार, फुलं. जेवणात माझी वांगी होती, त्यांचं कौतुक झालं, ते कुणी लिहून ठेवणार नाही म्हणून मी लिहितो. दुपार कलल्यावर नवरानवरी उघड्या जीपमध्ये बसले. वस्तीपासून बारामती-इंदापूर रस्त्यापर्यंत वरात जाणार होती. पुढं बँड. बँडच्या पुढं निळा फेटा बांधून आबा. त्यांनी गेणूकडं बघितलं आणि दिमाखात हात वर केला.

गेणूनं क्लॅरनेट तोंडाला लावलं आणि दुर्गा सुरू झाला!

पहिल्यांदा मला वाटलं, मला ऊन लागलं. मग ढोल पडला, एक दोन तीन, एक दोन, एक दोन. रूपक! मी संघपालकडं बघितलं. त्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता. आबांचा हात वरच राहिला होता. मग तो हळूहळू खाली आला.

पोरं नाचायला तयारच होती. पण वरातीच्या ठेक्याची सवय असलेल्या पोरांना सात मात्रा कुठून कळणार? पहिली दोन-चार आवर्तनं नुसता गोंधळ. ह्याचा पाय त्याच्या पायावर, त्याचं डोकं ह्याच्या हनुवटीवर. बँड थांबवावा म्हणून मी पुढं झालो, पण वाजत्या बँडला थांबवणं कुणाच्या बापाला जमलंय? तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून अक्काबाई पुढं आल्या. रविवारच्या रविवारी तांदूळ निवडत त्यांनी हा ताल ऐकला होता. त्यांनी पदर खोचला, तीन पावलं पुढं टाकली, दोनदा झुलल्या, दोन टाळ्या दिल्या. पुन्हा तीन पावलं. बायकांनी ते बघितलं आणि उचललं. मग पोरांनी. आणि थोड्याच वेळात सगळी वस्ती रूपकात नाचत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली! जीपमध्ये अंजली आधी हसून हसून वाकली आणि मग क्लॅरनेटच्या मागं मोकळ्या गळ्यानं गायला लागली. नवरी गातेय म्हटल्यावर "पाणी आलं हो" सगळ्यांच्या तोंडात. हेडच्या धन्यांचा उल्लेख आला की सगळे वळून मलाच हात करत होते.

आबा बाजूला झाले. कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले, फेटा तसाच, नजर पाण्याकडं. ते बघून संघपाल रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला. "म्हाताऱ्याचं एकच मागणं हुतं, सोपान," तो म्हणाला, "अन् त्याच्यावर माजंच गाणं जाऊन बसलं." त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं.

वरात रस्त्याला लागली आणि वाहतूक अडली. अडलेल्या गाड्यांत एक पांढरी मारुती होती. तिच्यातून रेशमी साडीतल्या एक बाई उतरल्या आणि गर्दीतून वाट काढत सरळ माझ्यापर्यंत आल्या. "हा दुर्गा आहे," त्या म्हणाल्या. "आणि रूपक. वरातीत! काय चाललंय काय हे?"

 म्हणालो, "लगीन हाय."

त्या होत्या संजीवनी टिपणीस, पुण्याच्या गायिका. इंदापूरला नातेवाइकांकडं निघाल्या होत्या. त्यांनी गेणूला गाठलं आणि चाल कुणाची म्हणून विचारलं. गेणू घाम पुसत म्हणाला, "चाल कॅसेटीतली, बाई. लई अवघड दिली हुती, पर आमी सोडली न्हाय. रचणारा, पोरं म्हंतात, त्यो बघा, तिकडं बसलाय, डोकं धरून."

संजीवनीबाई रेशमी साडीसकट रस्त्याच्या कडेला संघपालशेजारी बसल्या. बंदिश सगळी ऐकवा म्हणाल्या. त्यानं तोंड उघडलं आणि त्या दचकल्या. मग मी त्यांना जीपपाशी नेलं आणि अंजलीनं वरातीच्या त्या गोंगाटात त्यांना स्थायी-अंतरा दोनदा म्हणून दाखवला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. जाताना संघपालला म्हणाल्या, "थंडीत माझं बारामतीला गाणं आहे. ही बंदिश गाऊ का? तुमचं नाव सांगून गाईन."

संघपालनं नुसती मान हलवली. त्याचं सगळं लक्ष पुलाच्या कठड्याकडं.

लग्न झालं, अंजली माळेगावला गेली, आणि गाणं मात्र मागंच राहिलं. भेंडी तोडणाऱ्या बायका तेच म्हणायच्या. कारखान्याला ऊस घेऊन जाणारे ट्रॅक्टरवाले तेच म्हणायचे. पाळी सोडायला येणारा पाटकरी सायकलवर तेच गुणगुणायचा. माझ्या रानावरून जाताना तर लोक मुद्दाम सावकाश जायचे आणि "थोडं लाजा हो" खणखणीत म्हणायचे. मी लाजलो वगैरे नाही, पण पाळी संपली की माझ्या पाटाचं दार वेळेवर पाडायला लागलो. आणि आबा?

आबा गप्प. म्हणजे एरवी बोलायचे. उसाबद्दल, पावसाबद्दल, निवडणुकीबद्दल. पण ते गाणं कानावर पडलं, की उठून एकटेच कालव्याच्या कडेनं चालायला लागायचे. संघपाल एकदा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. "आबा, ते कॅसेटचं चुकून झालं."

"हं," म्हणाले आबा आणि निघून गेले.

"म्हातारं रुसलंय," अक्काबाई म्हणाल्या. "रुसू द्या. किती दिस रुसतंय बगू."

पण संघपालनं त्या रुसव्याचा एवढा धसका घेतला, की बंदिशी बांधणंच सोडलं. कारखान्यात कॉम्प्रेसर घुमत होता आणि हा नुसता दूध थंड करत होता. मी त्याला पुष्कळ शिव्या दिल्या. म्हणालो, सगळा तालुका तुझं गाणं म्हणतोय आणि तू तोंड पाडून बसलायस. तो म्हणाला, "तालुका म्हणतोय रं. आबा म्हणत न्हाईत."

थंडी पडली. बारामतीच्या नाट्यगृहात संजीवनीबाईंचं गाणं जाहीर झालं. सणसरहून टेम्पो भरून माणसं निघाली. आबा येणार नाहीत हे सगळ्यांनी धरलंच होतं. पण अंजली धम्मदीपला घेऊन माळेगावहून थेट घरी आली आणि आबांना म्हणाली, "तुमी आला न्हाय तर मी बी जात न्हाय." आबांनी फेटा बांधला.

नाट्यगृहात आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत. आबांच्या फेट्यामुळं मागच्यांना काही दिसत नव्हतं, पण काढा म्हणायची हिंमत कुणाची झाली नाही. तबल्यावर पुण्याचा कुणी होता. त्याच्याबद्दल मी बोलत नाही. बाईंनी यमन गाऊन झाल्यावर सांगितलं, "आता दुर्गामधली एक नवी बंदिश. ती मला रस्त्यावर मिळाली. तिचे रचनाकार संघपाल इथं बसले आहेत." टाळ्या झाल्या. संघपाल खुर्चीत आणखी खाली सरकला.

बाई गायल्या! काय सांगू मी! आमचं ओसरीवरचं पोर शहरात जाऊन शिकून सवरून परत यावं, तशी ती बंदिश समोर उभी होती. "पाणी आलं" ची एकेक जागा अशी घेतली, की खरंच फाट्यात पाणी चढताना दिसावं. आमच्या रांगेत सगळे हातावर ताल धरत होते. मी अधूनमधून आबांकडं चोरून बघत होतो. ते काठी धरून ताठ बसले होते. ओठ हलत होते. पायात चपला होत्या, पण ते उठले नाहीत.

बाईंनी तिहाई घेतली, समेवर आल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि टाळ्या ओसरता ओसरता आबा उभे राहिले.

"बाई, थांबा," ते म्हणाले. "गाणं संपलं न्हाय."

सगळं नाट्यगृह वळलं. बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला. संघपालनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता हा म्हातारा सगळ्यांदेखत पोराचं गाणं मोडीत काढणार.

संजीवनीबाईंनी कार्यकर्त्याला हातानं थांबवलं. "पुढं काय आहे, आबा?"

"तिसरं कडवं हाय," म्हणाले आबा. आणि काठी खुर्चीला टेकवून, एक हात कानाशी नेऊन, जलशात उभे राहायचे तसे उभे राहून त्यांनी सूर लावला. दुर्गाच. रूपकच. एक मात्रा इकडची तिकडं नाही.

*ज्या पाण्याला शिवू दिलं न्हाय कुणी,*
*त्या पाण्याची आज गातो आमी गाणी.*

 पुण्याच्या तबलजीनं आपणहोऊन ठेका धरला, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. बाईंनी ती ओळ उचलली, आबांकडं परत दिली. आबांनी पुन्हा म्हटली. अंजली उठून गायला लागली, आणि मग आमची सगळी सणसरची माणसं "पाणी आलं हो" म्हणून अशी तुटून पडली, की बारामतीकरही टाळ्यांनी ताल धरायला लागले. तीन, दोन, दोन. त्या गदारोळात एक फुटका, बेसूर आवाजही होता. संघपाल गात होता. आबांचा हात धरून, रडत, हसत, वाट्टेल तसा गात होता आणि त्याला कुणी मागं ओढलं नाही.

बाहेर चहाच्या गाडीपाशी अक्काबाईंनी आबांना फैलावर घेतलं. "अवं, एवढं मनात हुतं तर इतके महिने पोराशी बोलला का न्हाय? त्याला अन्न गोड लागलं न्हाय!"

आबांना खरोखरच नवल वाटलं. "आगं, कडवं जुळत नव्हतं," ते म्हणाले. "सात मात्रांत कधी बसवलंय का म्या? कालव्याच्या कडंनं चालून चालून पायाचं तुकडं पडलं. त्यात काय बोलायचं?"

"म्हंजे तुमी रुसला नव्हता?" संघपालनं विचारलं.

"कशापायी? सगळी वस्ती नाचली, नवरी गायली. मला तितंच कळलं, ह्ये गाणं हाय." आबांनी बशीतला चहा फुंकला. "पर तुज्या गाण्यात पाणी आलं, रान आलं, ह्यो हेडचा सोपानराव बी आला. तहान कुणाची, तेवढं राह्यलं हुतं. ते घातलं."

 संघपालनं मान डोलावली आणि नाक पुसलं. आबांनी बशी रिकामी केली, ती माझ्या हातात दिली, आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता म्होरलं गाणं बांधशील, तवा मला आधी ऐकीव."